माकडहाड दुखतंय? बसता-उठता येणाऱ्या कळेवर घरच्या घरी करायचे साधे व्यायाम

कंबर दुखते, गुडघा दुखतो हे आपण चारचौघांत सहज सांगतो. माकडहाड दुखतं हे मात्र सांगता येत नाही, कारण जागाच तशी. त्यामुळे आपल्या घरांत हे दुखणं बरेचदा महिनोन्‌महिने अंगावर काढलं जातं. अम्मी जेवायला बसताना एका मांडीवर कलून बसतात, भाभी शिलाई मशीनवरून उठताना क्षणभर थांबतात, अब्बा नमाजमध्ये अत्तहिय्यातला बसताना ओठ आवळतात. विचारलं तर उत्तर एकच, ‘काही नाही, थोडं अवघडलंय.’ कुणी मूळव्याध समजून मेडिकलमधून मलम आणतं, कुणी गरम तेलाने चोळून घेतं आणि दुखणं तिथंच राहतं.

माकडहाडाचं दुखणं बहुतेक लोकांचं ऑपरेशनशिवाय बरं होतं. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र कराव्या लागतात: हाडावरचा भार कमी करणं, आजूबाजूचे आखडलेले स्नायू हळूहळू सैल करणं आणि धोक्याची लक्षणं दिसली तर न लाजता डॉक्टरांना दाखवणं. या लेखात आम्ही तिन्ही गोष्टी सविस्तर देत आहोत.

हे हाड नेमकं कुठं असतं?

पाठीचा कणा खाली उतरत जातो आणि दोन्ही नितंबांच्या मधल्या फटीच्या वरच्या टोकाशी संपतो. तिथलं शेवटचं छोटं, आतल्या बाजूला वाकलेलं हाड म्हणजे माकडहाड. तीन ते पाच, बहुतेकांमध्ये चार, लहान मणके मिळून ते बनतं. डॉक्टर त्याला ‘कॉक्सिक्स’ म्हणतात. आकार कोकिळेच्या जातीतल्या पक्ष्याच्या चोचीसारखा, म्हणून ग्रीक भाषेतून हे नाव आलं. दुखण्याला ‘कॉक्सिडायनिया’ म्हणतात. एडिनबरोचे डॉक्टर जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८५९ मध्ये या दुखण्याला वेगळं नाव देऊन त्याचं वर्णन केलं. ते बाळंतपणाचे डॉक्टर होते आणि या दुखण्याचा बाळंतपणाशी जवळचा संबंध आहे.

मुस्लिम वाचकांना हे हाड आणखी एका कारणाने परिचित असेल. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेल्या आणि सहीह बुखारी व सहीह मुस्लिममध्ये नोंदलेल्या हदीसमध्ये ‘अज्बुज्जनब’चा उल्लेख आहे. माणसाचं सगळं शरीर मातीत मिसळतं, हे हाड उरतं आणि कयामतच्या दिवशी त्यावरून माणूस पुन्हा उभा केला जाईल, असा तिचा आशय आहे. ज्या हाडाचा उल्लेख हदीसमध्ये आला, त्याच्या दुखण्याबद्दल बोलायला लाज कशाची?

हे हाड लहान असलं तरी बिनकामाचं नाही. आपण बसतो तेव्हा शरीराचा भार बैठकीच्या दोन हाडांवर आणि काही प्रमाणात माकडहाडावर येतो. ओटीपोटाला खालून आधार देणारे स्नायू याच हाडाला जोडलेले असतात. शौचाच्या जागेचे स्नायूही त्याला लागून असतात. म्हणून हाड दुखलं की हे स्नायू आखडतात, ते आखडले की हाडावर ताण येतो, आणि दुखणं फिरून फिरून चालूच राहतं. खाली दिलेले व्यायाम हे चक्र तोडण्यासाठी आहेत.

पुण्यात हे दुखणं कशातून येतं?

सगळ्यात सरळ कारण म्हणजे आपटणं. पावसाळ्यात ओल्या फरशीवर पाय घसरतो, जुन्या वाड्याच्या अरुंद जिन्यावर तोल जातो, वजूच्या जागेवर शेवाळ असतं आणि माणूस थेट बुडावर पडतो. त्या वेळी फक्त मुका मार लागलाय असं वाटतं, पण आठवड्यानंतरही बसताना कळ येत राहते.

दुसरं कारण दुचाकी. पुणं हे दुचाकीचं शहर. कोंढव्याहून कॅम्पात, सय्यदनगरहून स्टेशनला, बोपोडीहून पेठेत रोज ये-जा करणाऱ्यांना खड्डे आणि स्पीडब्रेकर चुकत नाहीत. कडक सीटवर, पाठीला बाक काढून बसलं की प्रत्येक धक्का खालून थेट माकडहाडापर्यंत पोचतो. डिलिव्हरीचं काम करणाऱ्या मुलांना आणि रिक्षाचालकांना याचा त्रास जास्त.

तिसरं कारण तासन्‌तास बसणं. आयटी कंपनीतली खुर्ची असो, रविवार पेठेत बोहरी आळीतल्या दुकानाची गादी असो, शिलाई-जरीकामाची सतरंजी असो, की हिफ्ज करणाऱ्या मुलांची मदरशातली चटई, मागे रेलून एकाच जागी बसलं की भार मागे सरकून माकडहाडावर जातो. सोफ्यात रुतून मोबाइल बघणं हे याच प्रकारात येतं.

चौथं कारण बाळंतपण. बाळ बाहेर येताना हे हाड मागे ढकललं जातं. कधी सांधा सैल होतो, क्वचित हाडाला इजाही होते. बायकांचा ओटीपोटाचा सांगाडा रुंद असतो, त्यामुळे त्यांचं माकडहाड बसताना जास्त उघडं पडतं. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हे दुखणं साधारण पाचपट जास्त आढळतं ते यामुळेच. जास्त वजन असलेल्यांना त्रास अधिक होतो. पण एकदम वजन घटलेल्या, अगदी सडपातळ माणसांनाही तो होतो, कारण बुडावरची नैसर्गिक गादी कमी झालेली असते. आणि काही जणांत कारण सापडतच नाही, तरी उपाय बहुतेक तेच राहतात.

दुखणं माकडहाडाचंच आहे, हे कसं ओळखायचं?

माकडहाडाचं दुखणं असेल तर बहुधा असं दिसतं:

- बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच जागा दुखते, दोन्ही नितंबांच्या मधल्या फटीच्या वर.
- बसल्यावर दुखतं, कडक जागेवर किंवा मागे रेलून बसल्यावर जास्त.
- बसलेलं असताना उठायच्या क्षणी तीव्र कळ येते.
- चालताना, उभं असताना किंवा कुशीवर झोपल्यावर आराम वाटतो.
- काहींना शौचाला जोर करताना आणि शरीरसंबंधाच्या वेळी दुखतं.

दुखणं मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, तर ते सायटिकाचं असू शकतं. शौचाच्या वेळी जळजळ होऊन रक्त जात असेल, तर मूळव्याध किंवा फिशर असू शकतं. त्याच फटीत गाठ आली असेल, तिथून पू किंवा रक्त येत असेल, तर तो केसांमुळे होणारा नाडीव्रणाचा प्रकार असू शकतो. दुसऱ्या महायुद्धात जीपमध्ये धक्के खात फिरणाऱ्या अमेरिकी सैनिकांना तो इतका झाला की त्याला ‘जीपचा आजार’ असंच नाव पडलं. दिवसभर बाइकवर असणाऱ्या तरुणांनी हे लक्षात ठेवावं. यांपैकी कशावरही खाली दिलेले व्यायाम हा इलाज नाही.

आधी डॉक्टर, मग व्यायाम: ही लक्षणं असतील तर

- लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, किंवा लघवी अडणं
- मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा येणं, पायांतली ताकद कमी होणं
- दुखण्याबरोबर ताप, सूज, लाली, गाठ किंवा पू
- शौचातून रक्त जाणं, विनाकारण वजन उतरणं
- रात्री झोपेतून उठवणारं, पडून राहिल्यावरही न थांबणारं दुखणं
- पूर्वी कॅन्सर झालेला असणं
- जोरात पडल्यानंतर बसणं किंवा चालणंच अशक्य होणं

पहिली दोन लक्षणं दिसली तर त्याच दिवशी, लगेच हॉस्पिटल गाठा. मज्जातंतूंवर दाब आल्याची ती खूण असू शकते. तिथं काही तासांचा उशीरही महागात पडतो.

पहिलं काम: हाडावरचा भार काढा

व्यायाम दिवसातून वीस मिनिटं होतील, बसणं आठ-दहा तास चालतं. बसणं सुधारलं नाही तर व्यायामाचा गुण येणार नाही.

बसताना थोडं पुढे झुका, पाठ सरळ, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. पुढे झुकलं की भार बैठकीच्या दोन हाडांवर आणि मांड्यांवर जातो, मागे रेललं की माकडहाडावर येतो. अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटं चाला. मोबाइलवर अलार्म लावला तरी चालेल.

उशी घ्यायची तर मागच्या बाजूला खाच असलेली, पाचरीच्या आकाराची घ्या. खाच मागे ठेवायची, म्हणजे माकडहाड अधांतरी राहतं. मधे भोक असलेली गोल रिंग बरेच जण आणतात. ती मूळव्याधीसाठी ठीक, पण माकडहाडाला तिचा उपयोग कमी, कारण तिची मागची कड बरोबर दुखऱ्या जागेला लागते. पैसे घालायचे नसतील तर दोन जाड टॉवेल गुंडाळा, एकेका मांडीखाली एकेक ठेवा आणि मागे मोकळी जागा सोडा. काम तेच होतं.

उठताना आधी सीटच्या कडेला सरका, कमरेतून पुढे झुका, नितंब आवळा, मग उठा. एकदम झटक्याने उठू नका. झोपताना कुशीवर झोपा आणि दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवा.

दस्तरख्वानवर बसून जेवायची सवय असेल तर काही आठवडे पाट किंवा बुटकं स्टूल घ्या. दावतीत सगळ्यांबरोबर खाली बसायलाच हवं असा आग्रह धरू नका, आणि घरातल्या मोठ्यांना खुर्ची दिली म्हणून त्यांना ओशाळल्यासारखं वाटू देऊ नका.

नुकताच मार लागला असेल तर पहिले दोन-तीन दिवस बर्फ कापडात गुंडाळून दर वेळी पंधरा मिनिटं लावा. नंतर गरम पाण्याच्या पिशवीने शेक चालतो. बर्फ किंवा पिशवी थेट कातडीवर ठेवू नका. मधुमेहामुळे संवेदना कमी असेल तर शेक घेताना जास्तच जपा, भाजलेलं लक्षात येत नाही.

घरी करायचे आठ व्यायाम

आधी थोडं पुण्याबद्दल. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले आणि इथलेच झाले. १९७५ मध्ये त्यांनी मॉडेल कॉलनीत संस्था सुरू केली. लोड, पट्टा, लाकडी ठोकळे, ब्लँकेट, खुर्ची असा आधार देऊन आजारी आणि वयस्कर माणसालाही शरीर ताणता येईल, ही पद्धत त्यांनी जगभर नेली. शरीराला जबरदस्ती करायची नाही, आधार द्यायचा, एवढी गोष्ट आपण त्यातून घेऊ. खालच्या व्यायामांत श्वास आणि स्नायूंची हालचाल आहे, दुसरं काही नाही. फिजिओथेरपिस्टही हेच शिकवतात.

लागणारं सामान घरातच आहे: एक जाड सतरंजी किंवा दोन घड्या घातलेली गोधडी, दोन-तीन उशा, एक ओढणी.

नियम साधा आहे. स्नायू हलका ओढला गेल्यासारखं वाटलं तर बरोबर, हाडात टोचलं किंवा कळ आली तर थांबा. मार लागला असेल तर पहिले काही दिवस फक्त पहिला व्यायाम करा. जेवणानंतर दोन तास जाऊ द्या. श्वास कुठेही रोखू नका.

१. पोटाने श्वास. उताणं झोपा, गुडघे वाकवा, गुडघ्यांखाली उशी ठेवा. एक हात पोटावर. नाकाने सावकाश श्वास घ्या, पोट वर येऊ द्या आणि त्याच वेळी खालचे, शौचाच्या जागेजवळचे स्नायू सैल सोडा. तोंडाने हळू सोडा. पाच मिनिटं. हा व्यायाम किरकोळ वाटतो, पण आखडलेले स्नायू सैल करायला याच्यासारखा दुसरा नाही. दुखतं म्हणून आपण नकळत हे स्नायू दिवसभर आवळून धरतो.

२. एक गुडघा छातीशी. उताणं झोपून एक पाय वाकवलेलाच ठेवा, दुसरा गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे आणा. हात पोचत नसेल तर मांडीमागून ओढणी घालून ओढा. २० ते ३० सेकंद. दोन्ही पायांनी तीन-तीन वेळा.

३. चारच्या आकड्याचा ताण. उताणं, गुडघे वाकलेले. उजव्या पायाचा घोटा डाव्या गुडघ्याच्या थोडा वर मांडीवर ठेवा. आता डावी मांडी छातीकडे ओढा. उजव्या नितंबात खोलवर ताण जाणवेल. २० ते ३० सेकंद, दोन्ही बाजूंनी तीन वेळा. कंबर जमिनीवरून उचलू नका.

४. झोपून फुलपाखरू. उताणं झोपून दोन्ही तळवे एकमेकांना लावा आणि गुडघे बाजूला पडू द्या. प्रत्येक गुडघ्याखाली उशी असू द्या. दोन मिनिटं, श्वास पहिल्या व्यायामासारखाच. हाच प्रकार बसून केला तर माकडहाडावर भार येतो, म्हणून सध्या झोपूनच.

५. मांजरीचा ताण. हात आणि गुडघे टेकून ओणवे व्हा. श्वास सोडत पाठ मांजरीसारखी वर गोल करा, हनुवटी आत. श्वास घेत पाठ सावकाश खाली सोडा, नजर समोर. दहा वेळा. गुडघे दुखत असतील तर खाली जाड घडी घाला.

६. सजद्यासारखी मुद्रा, उशीवर. त्याच ओणव्या स्थितीतून गुडघे थोडे फाकवा, नितंब टाचांकडे न्या, छाती आणि डोकं समोर ठेवलेल्या दोन उशांवर टेका, हात पुढे. माकडहाडावर इथं काहीच भार नसतो आणि कंबर-नितंबाचे स्नायू मोकळे होतात. अर्धं ते एक मिनिट. टाचांपर्यंत बसवत नसेल तर मांडी आणि पोटरीच्या मध्ये उशी घाला.

७. मांडीच्या पुढच्या भागाचा ताण. एक गुडघा मऊ घडीवर टेका, दुसरा पाय पुढे, गुडघा काटकोनात. आधाराला शेजारी खुर्ची धरा. पाठ सरळ ठेवून कंबर किंचित पुढे न्या. २० ते ३० सेकंद, दोन्ही बाजूंनी दोन-तीन वेळा. दिवसभर खुर्चीवर किंवा बाइकवर असणाऱ्यांचे हे स्नायू आखूड झालेले असतात.

८. पूल. हा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, कळ कमी झाल्यावरच. उताणं, गुडघे वाकलेले, पाय जमिनीवर. नितंब आवळत कंबर हळूहळू वर उचला, पाच सेकंद थांबा, हळू खाली या. आठ ते दहा वेळा. नितंबांचे स्नायू मजबूत झाले की बसताना हाडाला गादी मिळते.

पहिल्या आठवड्यात १ ते ३, सकाळ-संध्याकाळ. दुसऱ्या आठवड्यात ४, ५, ६ जोडा. त्यानंतर ७ आणि ८. याबरोबर रोज वीस-तीस मिनिटं सपाट रस्त्यावर चालणं. फज्रनंतर रस्ते रिकामे असतात, तेव्हा चालावं.

सध्या टाळा: सिट-अप, सायकल, जिममधली रोइंग, उड्या, कडक फरशीवर पाय लांब करून बसणं. ओटीपोटाचे स्नायू सतत आवळायचे व्यायामही स्वतःहून करू नका, आधीच आखडलेल्या स्नायूंना ते उलटे पडू शकतात.

नमाजचं काय?

आमच्या वाचकांच्या मनातला हा पहिला प्रश्न असणार. कयाम आणि रुकूत त्रास बहुतेक नसतो. सजद्यात भार पुढे असतो, तेव्हाही बरं वाटतं. अडचण येते अत्तहिय्यातच्या बैठकीत आणि तिथून उठताना.

डाव्या पायावर बसण्याच्या पद्धतीत पाय आणि टाच यांचा आधार मिळतो. तिथं नितंब आणि पायाच्या मध्ये लहान मऊ घडी ठेवली तर दाब आणखी कमी होतो. हनफी स्त्रिया, तसंच शेवटच्या बैठकीत शाफई म्हणजे आपले कोकणी बांधव-भगिनी, पाय उजवीकडे काढून डाव्या कुल्ह्यावर बसतात. यात एका बाजूचा भार थेट जमिनीवर येतो. मुसल्ल्याखाली जाड गोधडी घातल्याने फरक पडतो. उठताना दोन्ही हात जमिनीला टेकून, आधी पुढे झुकून उठा.

एवढं करूनही बसवत नसेल तर दीनने सोय दिलेली आहे. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी विचारल्यावर नबी करीम (स.) यांनी उभं राहून नमाज पढा, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर, असं सांगितल्याचं सहीह बुखारीमध्ये आहे. त्यांचाही त्रास याच भागातला होता. त्यांनी लाज न बाळगता विचारलं आणि उत्तरात सवलत मिळाली.

खुर्ची घेतलीत तर तिच्यावरही रेलून बसू नका. पुढच्या अर्ध्या भागात बसा, खाचेची उशी घ्या. कोणता भाग उभं राहून करायचा, सजदा जमिनीवर जमत असेल तर काय करायचं, हे प्रत्येकाच्या ताकदीवर ठरतं. ते आपल्या मशिदीच्या इमाम साहेबांना किंवा मुफ्ती साहेबांना विचारा. आपल्याला काय जमतं आणि काय नाही, हे मात्र त्यांना मोकळेपणाने सांगा.

पोट साफ तर निम्मं दुखणं कमी

शौचाला जोर करावा लागला की ओढ थेट माकडहाडावर येते. म्हणून बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. भरपूर पाणी, ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाज्या, पेरू, पपई, भिजवलेले अंजीर. गरज पडली तर रात्री इसबगोल, पण भरपूर पाण्याबरोबर. रमजानमध्ये तळलेलं वाढतं आणि पाणी कमी पडतं. इफ्तारपासून सेहरीपर्यंत थोडं थोडं पाणी पीत राहा, भजी-समोशाबरोबर ताटात फळं आणि काकडी असू द्या. तरावीहच्या मधल्या विश्रांतीत बसून राहण्यापेक्षा उभं राहा, दोन पावलं चाला.

बाळंतपणानंतर

बाळाला पाजायला मांडी घालून, भिंतीला टेकून तासन्‌तास बसणं हे नव्या आईच्या दुखण्याचं मोठं कारण. कुशीवर झोपून पाजलं तर हाडाला आराम मिळतो, फक्त आईने जागं राहावं आणि बाळाचं नाक मोकळं असावं. बसायचंच असेल तर खाचेची उशी घ्या आणि बाळाखाली उशी ठेवून त्याला वर घ्या, म्हणजे वाकावं लागत नाही. पोटाने श्वास घ्यायचा व्यायाम लवकर सुरू करता येतो. बाकीचे व्यायाम डॉक्टर किंवा दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारूनच, सिझेरियन झालं असेल तर नक्कीच विचारून. चिल्ल्याच्या चाळीस दिवसांत घरातल्या मोठ्या बायका मालिश करवून घेतात. हातापायांची, पाठीची हलकी मालिश चालेल, माकडहाडावर दाब नको.

आणि सासूबाईंना, नवऱ्याला आमचं एक सांगणं आहे. बाळंतीण बसता येत नाही म्हणत असेल तर ‘आम्हालाही झाली होती पोरं’ म्हणून विषय संपवू नका. सहा आठवड्यांनीही दुखत असेल तर तिला दाखवायला घेऊन जा.

चोळणं, हिजामा, गोळ्या

दुखऱ्या माकडहाडावर जोरात चोळू नका. हाड ‘जागेवर बसवून देतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. आतून हाड हलवण्याची पद्धत वैद्यकात आहे, पण ती शिकलेल्या डॉक्टरने किंवा फिजिओथेरपिस्टने, गरज असेल तरच करायची असते.

हिजामा करायचा असेल तर प्रशिक्षित माणसाकडे, निर्जंतुक साधनांनी. ताजा मार, जखम, पू असताना किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना नको. मधुमेह असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि तपासणीऐवजी हिजामा, असं कधीच नको.

वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने रोज घेऊ नका. गरोदरपण, अल्सर, किडनीचा त्रास, हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयबुप्रोफेनसारखी गोळी नकोच.

किती दिवसांत बरं वाटेल? कुठं दाखवायचं?

मुका मार असेल तर साधारण चार आठवडे, हाडाला चीर गेली असेल तर आठ ते बारा आठवडे लागू शकतात. जुनं दुखणं काही महिने घेतं. उशी, बसण्याची पद्धत, व्यायाम, फिजिओथेरपी अशा साध्या उपायांनी दहापैकी सुमारे नऊ जणांना आराम पडतो, असं वैद्यकाच्या पुस्तकांत सांगितलं जातं.

दोन-तीन आठवडे नीट करूनही फरक नसेल तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं आणि १८६७ मध्ये सुरू झालेलं, स्टेशनजवळचं ससून रुग्णालय सरकारी आहे. मंगळवार पेठेतलं कमला नेहरू रुग्णालय महापालिकेचं आहे. बायकांना पुरुष डॉक्टरांसमोर संकोच वाटत असेल तर महिला डॉक्टर किंवा महिला फिजिओथेरपिस्ट मिळेल का हे केसपेपर काढतानाच विचारा, सोबत घरातली एखादी बाई न्या. डॉक्टर बसलेल्या आणि उभ्या अशा दोन्ही स्थितींत एक्स-रे काढायला सांगू शकतात, कारण काहींचं हाड बसल्यावरच जागचं हलतं. त्यानंतरही न थांबणाऱ्या दुखण्यावर इंजेक्शन दिलं जातं. हाड काढण्याचं ऑपरेशन अगदी शेवटचा उपाय, फार थोड्यांना लागतं.

आज रात्री इशानंतर पाच मिनिटं उताणं झोपून पोटाने श्वास घ्या, तिथून सुरुवात करा. आणि घरात कुणी कलून बसत असेल, उठताना थांबत असेल, तर त्यांना विचारा. बरेचदा त्यांना फक्त कुणीतरी विचारायची वाट असते. अल्लाह सगळ्या आजारी माणसांना शिफा देवो, आमीन.